किल्ट घालून चालताना मांड्या काचतात? आधी चड्डी उलटी करून बघा

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुष कमरेला गुंडाळतात तो चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा. लक्षणं आधी लिहितो, म्हणजे आपलं दुखणं नेमकं कुठलं ते ओळखता येईल.

– निघाल्यावर दीड-दोन तासांत मांड्यांच्या आतल्या बाजूला भगभगायला लागतं. संध्याकाळपर्यंत चाल बदकासारखी होते.
– जांघेच्या घडीत नखाने ओढल्यासारखी एकच बारीक लाल रेघ उमटते.
– चड्डीचे पाय गुंडाळत वर जातात आणि दर पाच मिनिटांनी इकडेतिकडे बघून ते खाली ओढावे लागतात.
– कमरेला मागच्या बाजूला वळ उठतात, कधी कधी साखळीच्या कड्यांसारखे.
– पावसात भिजल्यावर गुडघ्याच्या मागच्या लवणीत आडवी चीर पडल्यासारखं होतं.
– कारण कुठलंही असो, घरी येऊन अंगावर पहिला तांब्या घेतला की ब्रह्मांड आठवतं.

मी डॉक्टर नाही, शिंपीही नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत राहतो आणि सुट्टीला डोंगरात जातो. एका स्कॉटिश मित्राच्या लग्नासाठी किल्ट घेतला होता, तो नुसता कपाटात लटकवून ठेवायचा नाही म्हणून घालून चालायला लागलो. दर एप्रिलला इथे किल्टवॉक, म्हणजे किल्ट घालून करायची धर्मादाय पदयात्रा, असतो. त्यातला सगळ्यात लांबचा पल्ला ग्लासगोपासून लॉक लोमंड सरोवराच्या काठावरच्या बॅलॉखपर्यंत, वीस मैलांहून जास्त. आमच्यातले सात-आठ मराठी लोक भाड्याचे नाहीतर उसने किल्ट घालून त्यात उतरतात आणि त्या रात्री माझा फोन वाजायला लागतो. पलीकडचा माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "अरे, तुला ते… कधी काचलं होतं का?" काचलं होतं. चांगलं सोलवटलं होतं.

मुख्य कारण एकच आहे. किल्टला काष्टा नसतो.

नऊवारी असो की धोतर, पायांमधून मागे नेऊन खोचलेलं कापड दोन मांड्यांच्या मधे येतं. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईची आणि पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याची ही सोय नेसण्यातच झालेली असते. किल्टही पारंपरिक मापाने आठवारी, म्हणजे कापडाची कंजुषी नाही. पण ते सगळं मागच्या चुण्यांत जातं आणि मधली जागा मोकळी. कातडीवर कातडी घासते, घाम येतो, वाळतो, मिठाचे कण मागे राहतात, आणि पुढचे दहा मैल तुम्ही स्वतःलाच काचपेपर मारत चालता. तेव्हा काष्ट्याचं काम चड्डीने करायचं. खालच्या बहुतेक तपासण्या त्यासाठीच आहेत.

"खरा स्कॉट्समन आत काही घालत नाही" हे तुम्हाला कुणीतरी डोळा मारून सांगणारच. जुने हायलँडर, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले लोक, कमरेला पट्टा बांधून जे मोठं प्लेड (लोकरी कापड) नेसायचे, त्याच्या आत मांड्यांपर्यंत येणारा लांब सदरा असायचा. म्हणजे कातडी आणि लोकर यांच्यामध्ये कापड होतंच. आत काही न घालण्याची बढाई लष्करातल्या किल्टवाल्या हायलँड पलटणींच्या नावाने सांगतात. पबपासून टॅक्सीपर्यंत ती चालेल. आणि किल्ट भाड्याचा असेल तर मागच्या शनिवारी तो कुणाच्या अंगावर होता ते तुम्हाला माहीत नाही, एवढंच बोलून हा विषय सोडतो.

१. आरसा घ्या (फुकट, दोन मिनिटं)

हातातला आरसा घेऊन नेमकं कुठे लाल झालंय ते बघा. लाज वाटते म्हणून लोक हे टाळतात आणि थेट तीस पौंडांची चड्डी मागवतात. जागा आणि आकार बघितला की अर्धं निदान होतं. तळहाताएवढा पसरट लाल भाग असेल तर कातडीवर कातडी घासली आहे. बारीक रेघ असेल तर ती शिवण. रुंद पट्टा असेल तर इलॅस्टिक किंवा सॅकचा पट्टा. गोल चकती, कडा उठलेल्या आणि मधे जरा कमी लाल, अशी असेल तर बाकीचं वाचू नका, थेट शेवटच्या भागात जा. तो चड्डीचा दोष नाही.

२. चड्डी उलटी करा (हेही फुकट)

आतली बाजू बाहेर काढा आणि प्रत्येक शिवण मनगटाच्या आतल्या कातडीवर वीस वेळा घासा. बोटाने चाचपू नका, बोटांची कातडी निबर असते, तिला काही कळत नाही. मनगट लाल झालं तर तीच शिवण तुमच्या जांघेत हजारो वेळा घासणार आहे. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खाली मधोमध, जिथे चारी बाजूंच्या शिवणी एकत्र येतात आणि गाठीसारखा जाड भाग तयार होतो. चांगल्या चड्डीत तिथे वेगळा तुकडा जोडलेला असतो, म्हणजे शिवण मांडीच्या घडीपासून दूर जाते. शिवणही चपटी असते.

मागचं लेबल कापणार असाल तर शिवणीलगत उसवून काढा. कात्रीने कापून उरलेलं खुंट लेबलापेक्षा जास्त टोचतं.

३. खुर्चीची परीक्षा

चड्डी आणि वर किल्ट घाला. भक्कम खुर्चीवर किंवा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर एक पाय ठेवून चढा-उतरा, प्रत्येक पायाने वीस वेळा. मग किल्ट उचलून बघा. चड्डीचा पाय गुंडाळला गेला असेल तर तो डोंगरात गुंडाळणारच, आणि गुंडाळलेली वळी मांडीच्या वरच्या भागात दोरीसारखं काम करते.

इथे बहुतेक जण चुकतात. "ढगळ घेतली की बरं" असं वाटून एक माप मोठं घेतात. ढगळ कापडाला चुण्या पडतात, चुण्या एकमेकींवर घासतात आणि मधे तुमची कातडी. चड्डी अंगासरशी हवी, आवळलेली नको. पाय लांब हवेत. किती, ते मोजायला सोपं आहे. पाय जुळवून उभे राहा, मांड्या एकमेकींना जिथपर्यंत टेकतात तिथून चार बोटं खाली खूण करा. चड्डी तिथपर्यंत यायला हवी. बहुतेकांना आतल्या शिवणीची लांबी सहा ते नऊ इंच लागते. किल्ट गुडघ्याच्या मध्यापर्यंत येतो, त्यामुळे एवढी लांब चड्डीही दिसत नाही. तरी गडद रंग घ्या, वारा कुणाचं ऐकत नाही. आमच्या ग्रुपमधल्या बायका सरळ सायकलवाल्यांची चड्डी घालतात, बसायच्या जागची गादी नसलेली. पुरुषांनी त्यांचं ऐकलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

आमच्यातला एक कोल्हापूरकर, तालमीत वाढलेला, मोठ्या आत्मविश्वासाने लंगोट बांधून आला होता. त्याचं म्हणणं, आजोबांनी आयुष्य काढलं लंगोटावर. खरं आहे, पण लंगोट जे सांभाळायचं ते सांभाळतो, मांड्या उघड्याच राहतात. आठव्या मैलाला तो म्हणाला, "जरा थांबूया." दहाव्या मैलाला त्याने बसस्टॉप विचारला.

४. कापड: बादलीत बुडवून बघा

घातलेली चड्डी सुती आहे का? बहुधा असतेच, घरून येताना आईने डझनभर दिलेली. ती पाण्यात बुडवा, घट्ट पिळा आणि घरातच दोरीवर टाका. शेजारी खेळाची एखादी पॉलिएस्टरची चड्डी तशीच पिळून टाका. दोन तासांनी दोन्हींना हात लावा. मला आणखी समजवायची गरज पडणार नाही.

मी स्वतः हे बादलीत शिकलो नाही. वेस्ट हायलँड वे म्हणून इथे १५४ किलोमीटरची वाट आहे, १९८० साली सुरू झालेली, ग्लासगोजवळच्या मलगायपासून फोर्ट विल्यमपर्यंत. (पाटीवर मिलन्गावी लिहिलेलं असतं, उच्चार मलगाय. स्थानिकांना विचारताना लक्षात ठेवा.) तिच्यावर ब्रिज ऑफ ऑर्कीपासून किंग्जहाउसपर्यंत रॅनॉख मूर या उघड्या, दलदलीच्या माळाच्या कडेने जावं लागतं. साधारण वीस किलोमीटर, आडोशाला जवळजवळ काही नाही. पाऊस आडवा. किल्टची लोकर पाणी धरून जड झाली, पण मांड्यांना त्रास तिचा नव्हता. आत सुती बॉक्सर होती. ओल्या पापडासारखी चिकटून बसली आणि प्रत्येक पावलाला जांघेत ओढली जाऊ लागली. मुक्कामी पोचल्यावर मी स्वच्छतागृहात हात वाळवायच्या यंत्राखाली एक पाय भिंतीला लावून, किल्ट छातीपर्यंत धरून उभा होतो. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ आत आले. त्यांनी बघितलं, मान डोलावली, आपलं काम उरकलं आणि जाताना एकच शब्द म्हणाले: "मेरिनो."

मेरिनो म्हणजे त्या जातीच्या मेंढीची बारीक, मऊ लोकर. त्यामागचं कारण असं. नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. लोकर ओलावा धाग्याच्या आत घेते, म्हणून बराच वेळ अंगाला ओली लागत नाही. पॉलिएस्टर घेतच नाही, म्हणून लवकर वाळतं. सूत भिजतं आणि भिजलेलंच राहतं, आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलते.

माझं मत: एका दिवसाच्या चालीला पॉलिएस्टर किंवा नायलॉनची, थोडी ताणणारी, लांब पायांची चड्डी पुरे. स्वस्तात मिळते. दुसऱ्या दिवशी तिला जो वास येतो त्याबद्दल तंबूतल्या जोडीदाराला विचारा. दोन-चार दिवसांच्या वाटेला मेरिनो, पण नायलॉन मिसळलेली. शुद्ध मेरिनो पातळ असते आणि नेमकी मांडीच्या आत विरते. माझ्या एका जोडीला एका उन्हाळ्यात तिथेच खिडकी पडली.

५. व्हॅसलिन, वेळेवर

चड्डी बरोबर असूनही भगभगत असेल तर घासण कमी करायची. साधं पांढरं व्हॅसलिन, दोन बोटांच्या पेरांवर बसेल एवढं, निघण्याआधी कोरड्या कातडीवर. जेवायला थांबलात की पुन्हा, आणि आधी तिथला घाम पाण्याने धुऊन टिपून घ्या. तसंच वर चोपडलंत तर मीठ आत राहतं आणि व्हॅसलिनमध्ये कालवलेला काचपेपर तयार होतो. डिओडरंटच्या कांडीसारख्या कांड्याही मिळतात, हात बरबटत नाहीत एवढाच फायदा.

खोबरेल तेल सगळे विचारतात. चालतं, तासभर. मग ते जिरतं. शिवाय ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे स्कॉटलंडमध्ये बाटली जवळजवळ वर्षभर दगड. टाल्कम पावडर कोरड्या दिवशी ठीक. घाम नाहीतर पाऊस लागला की तिच्या गोळ्या होतात, त्या गोळ्याही घासतात. आदल्या दिवशी तिथले केस वस्तऱ्याने काढू नका. खुंट टोचतात आणि दुसऱ्या मांडीला सोलतात.

६. किल्ट वर ओढा

गुडघ्यामागची चीर ही चड्डीची चूक नाही. आपण जीन्स नेसतो तिथे, म्हणजे कटीवर, किल्ट बांधला की तो दोन इंच खाली येतो आणि भिजलेली जड कड लवणीत आपटत राहते. किल्ट बेंबीच्या उंचीला बसतो. गुडघ्यांवर बसून बघा. कड जमिनीला टेकायला नको, साधारण इंचभर वर हवी. टेकत असेल तर पट्टे सोडून वर घ्या. तरी लांब वाटला तर तो किल्ट तुमच्या मापाचा नाही. तोवर तिथे व्हॅसलिन लावून दिवस काढा.

७. कमरेवर किती थर आहेत ते मोजा

चड्डीचं इलॅस्टिक, खोचलेला शर्ट, किल्टची कमरपट्टी, चामड्याचे पट्टे आणि बकल, त्यावर स्पोरनची साखळी, आणि सगळ्यांवर सॅकचा पट्टा दहा किलो घेऊन दाबतोय. साखळीसारखा वळ उठला असेल तर गुन्हेगार साखळीच. स्पोरन म्हणजे पुढे लटकणारी ती पिशवी. तिची साखळी मागून फिरते. डोंगरात ती घरी ठेवा, किंवा पातळ चामडी पट्ट्यावर बांधा आणि उतारावर कुशीला सरकवा. पुढेच ठेवलीत तर प्रत्येक पावलाला ती कुठे आपटते ते सांगायची गरज नाही.

चड्डीचं इलॅस्टिक रुंद आणि मऊ असावं, आणि सॅकच्या पट्ट्याच्या बरोबर खाली येऊ नये. सॅक भरून, सगळं अंगावर चढवून घरात पंधरा मिनिटं फिरा. टोचणारी वस्तू पंधरा मिनिटांत सापडते.

८. आता खर्च

इथवर येऊनही त्रास असेल तरच खरेदी. एकच जोडी घ्या, वीस-तीस पौंडांत चांगली मिळते. सपाटीवर पाच किलोमीटर चालून बघा, मग दुसरी घ्या. एक अंगावर, एक सॅकच्या वरच्या कप्प्यात कोरड्या पिशवीत. दुपारी बदलली की दिवसच बदलतो. धुताना कापड मऊ करायचं द्रव घालू नका, त्याचा थर बसला की घाम शोषायचं काम नीट होत नाही.

त्यानंतर किल्टकडे वळा. १६ औंसी, म्हणजे जाड लोकरीचा आठवारी किल्ट सुमारे १.८ किलो भरतो, तो लग्नाला शोभतो. चालायला पाच वार कापडाचा किंवा पॉलिव्हिस्कोसचा (पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस मिसळलेल्या कापडाचा) हलका किल्ट बरा. असलेला किल्ट आखूड करायचा विचार असेल तर नेहमीच्या शिंप्याकडे देऊ नका. त्याच्या खालच्या कडेला दुमड नसते, कापडाचा मूळ काठच असतो, म्हणून खालून कापला की कामातून गेला. पट्टे सरकवणं, वरून उंची कमी करणं, ही किल्ट शिवणाऱ्याची कामं आहेत.

एक जोडकाम: उन्हाळ्यात नेच्यांतून आणि उंच गवतातून जाणार असाल तर गोचीड. ती ऊबदार घड्या शोधते, म्हणजे जांघ. चड्डीचे पाय मांडीला घट्ट बसणारे असले तर तिला जरा अडसर होतो, पण भरवसा ठेवू नका. रोज रात्री आरसा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलिन, काडीचा चटका यांतलं काही नको. अशा वाटेला मी किल्ट न घालता पँट घालतो, सांगायला लाज वाटत नाही.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

साधं काचलेलं धुऊन, कोरडं ठेवून, व्हॅसलिन लावून दोन-तीन दिवसांत उतरतं. तोवर चालणं बंद. उतरलं नाही, किंवा ती गोल उठलेल्या कडांची, खाजणारी चकती दिसली, तर बहुधा गजकर्ण आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टचा सल्ला फार्मसी फर्स्ट या सरकारी सोयीखाली फुकट मिळतो, जीपीची (नेहमीच्या डॉक्टरची) वाट बघावी लागत नाही. तिथे जा. पण भारतातून आणलेली, "सगळ्यावर चालते" म्हणून बॅगेत टाकलेली ट्यूब लावू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी आत पसरत राहते. पुढे डॉक्टरलाही ओळखता येत नाही. माझ्या ओळखीत हे तिघांना झालं, त्यातल्या एकाला बरं व्हायला हिवाळा गेला.

पू, ताप, लाली मांडीवर पसरत जाणं, हात लावला तर गरम लागणं: त्याच दिवशी डॉक्टर, किंवा इथल्या आरोग्यसेवेच्या १११ ला फोन. मधुमेह असेल तर कातडी फुटल्याबरोबर दाखवा, वाट बघू नका. गोचीड चावल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत लाल वर्तुळ पसरत गेलं तर तो लाइम आजार असू शकतो, जीपीला चावल्याची तारीख सांगा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर सॅकचा किंवा किल्टचा पट्टा नस दाबत असू शकतो. सैल करूनही काही दिवसांत गेलं नाही तर दाखवा.

आणि वृषणात अचानक जोरात कळ आली, मळमळलं, तर "चड्डी आवळली असेल" म्हणत बसू नका. आत पीळ पडला असेल तर हातात थोडेच तास असतात. डोंगरावर असाल तर ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन, गावात असाल तर सरळ तातडीच्या विभागात.

भाड्याचा किल्ट परत करण्याआधी आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरून बघा. व्हॅसलिनचा डाग पडला असेल तर घासू नका, गरम पाणी लावू नका, कोरड्या कागदाने टिपा आणि दुकानात तसं सांगा. ते रोज बघतात. तुम्ही पहिले नाही.